पिल्लाआधी त्याची आई पाहा : श्वानपैदास केंद्रांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे श्वानपैदास केंद्रांविषयी, म्हणजे ज्यांना आता सगळेच ‘केनेल’ म्हणतात त्यांच्याविषयी, इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत आणि काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्हाला लॅब्राडॉरचे पिल्लू घ्यायचे आहे. शहराबाहेरच्या एका केनेलने ‘आमच्याकडे सरकारी परवाना आहे, शिवाय केसीआयचे कागदही मिळतील’ असे सांगितले. पिल्लू ४५ दिवसांचे असून ‘आताच न्या, म्हणजे लळा लवकर लागेल’ असा त्यांचा आग्रह आहे. परवाना आहे म्हणजे तिथे कुत्र्यांची निगा चांगली राखली जात असणार, असे धरून चालावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : असे धरून चालू नये. आधी या दोन कागदांतला फरक समजून घ्या. केसीआय, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, ही जातिवंत कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणारी संस्था आहे. तिच्या कागदावरून पिल्लाचे आईबाप कोणते हे कळते. ती आई कशा जागेत राहते आणि तिची किती वेते (बाळंतपणे) झाली आहेत, हे त्यावरून कळत नाही. ज्याला लोक परवाना म्हणतात तो कागद वेगळा आहे. प्राणीक्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० याखाली केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयीचे नियम केले आणि त्यांनुसार प्रत्येक व्यावसायिक पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक ठरले. वंशावळीचा कागद दाखवून नोंदणीचा विषय टाळणारे विक्रेते पुष्कळ आहेत. तेव्हा नोंदणीचे प्रमाणपत्रच मागा, त्यावरची मुदत पाहा आणि त्यावरचा पत्ता तुम्ही उभे आहात त्याच जागेचा आहे ना, हेही पाहा. नोंदणी शहरातल्या बंगल्याची आणि कुत्री मात्र माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, हा प्रकार मी स्वतः पाहिला आहे.

आता त्या ४५ दिवसांविषयी. नियमांप्रमाणे आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू विकता येत नाही. म्हणजे ४५ दिवसांचे पिल्लू देऊ करणारा माणूस आपण नियम मोडत असल्याचे स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे. लवकर लळा लागण्याची गोष्ट तर पूर्ण उलटी आहे. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू आपल्या भावंडांशी झोंबताना चावा किती जोराचा घ्यायचा हे शिकते. जोरात चावले की भावंड कळवळते आणि खेळ मोडतो, आई गुरगुरते. हे शिक्षण अर्धवट राहिलेली पिल्ले पुढे घरातल्या मुलांचे हात ओरबाडतात आणि मग ‘कुत्रे रागीट निघाले’ अशी तक्रार घेऊन लोक दवाखान्यात येतात. शिवाय याच दिवसांत आईच्या दुधातून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरू लागलेली असते आणि लशीची अजून पुरती तयार झालेली नसते. नेमक्या त्याच फटीत पिल्लाला प्रवास, नवे घर आणि नवे अन्न असा तिहेरी ताण दिला, की पार्व्होसारख्या, पिल्लांना रक्ताची हगवण लावणाऱ्या विषाणूच्या आजाराला दार उघडे मिळते.

वय खरे सांगितले आहे की नाही हे दातांवरून बरेचसे कळते. साधारण आठ आठवड्यांपर्यंत पिल्लाचे २८ दुधाचे दात आलेले असतात. मागच्या दाढांच्या जागी नुसती हिरडी लागत असेल तर ‘दोन महिन्यांचे आहे’ या सांगण्यावर विश्वास ठेवू नये. लसीकरणाचे कार्डही बोलते. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या पुढे दिली जाते. त्यामुळे दीड महिन्याच्या पिल्लाच्या कार्डावर ‘सर्व लसी पूर्ण, रेबीजसह’ असे लिहिलेले असेल, तर एक तर लस टोचलेली नाही किंवा वय खोटे आहे.

पण या सगळ्याच्या आधी पिल्लाची आई पाहायला मागा. ‘आई दुसऱ्या फार्मवर आहे’, ‘ती अनोळखी माणसांवर धावून जाते’, ‘नुकतीच फिरायला नेली आहे’ ही तीन उत्तरे मी इतक्या वेळा ऐकली आहेत की ती ऐकली की परत फिरावे, असाच सल्ला देतो. (इंग्लंडमध्ये २०२० पासून सहा महिन्यांखालचे पिल्लू ज्याने वाढवले त्याच्याकडूनच, आणि आईसोबत दाखवूनच, विकता येते, मधल्या दलालाला जागा नाही.) आई समोर आली की तिच्या अंगावरून घाईने नजर फिरवू नका, खाली बसा. नखे पुढे वाढून वळलेली असतील, तर ती फरशीवर किंवा मातीत पुरेशी चालत नाही. बोटांच्या मधली कातडी सुजून लाल झाली असेल, तर बहुधा ती जाळीच्या तळावर उभी राहते. कोपरांवर चामड्यासारखे घट्टे असतील, तर तिला निजायला कठीण जमिनीखेरीज काही नाही. मागच्या पायांवरचे केस पिवळट आणि कातडी चुरचुरलेली असेल, तर ती स्वतःच्या लघवीत बसते. मात्र एक खूण फसवी आहे : व्यायल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी बहुतेक माद्यांचे केस झडतात, अंग उघडे पडते, आणि निरोगी, सुस्थितीतल्या मादीचेही तसे होते. केवळ तेवढ्यावरून केंद्राला दोष देऊ नये.

पसंती झालीच, तर पिल्लाच्या मानेजवळची मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखक्रमांकाची बारीक चिप) तुमच्यासमोर वाचायला लावा. वाचक यंत्रावर येणारा १५ अंकी क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळला पाहिजे. जंतनाशक कधी दिले, लस कोणती, तपासणारे पशुवैद्य कोण आणि पिल्लू सध्या काय खाते, हे लेखी मागा. पावती घ्या. ग्राहक म्हणून पुढे दाद मागायची वेळ आली तर तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि तेव्हा फोनवरचे गोड बोलणे उपयोगी पडत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या कुंपणापलीकडे एक नोंदणीकृत केनेल आहे. एकावर एक रचलेल्या पिंजऱ्यांत पंचवीस-तीस कुत्री ठेवलेली आमच्या गच्चीवरून दिसतात. वरच्या पिंजऱ्यातली घाण खालच्यावर पडते. रात्रभर भुंकणे चालते. मालकाला विचारले तर ‘लायसन्स आहे, तुम्हाला काय करायचे ते करा’ असे उत्तर मिळते. खरोखरच काही करता येत नाही का? (निवृत्त शिक्षक, पिंपरी)

उत्तर : नोंदणी हे क्रूरतेच्या तक्रारीवरचे कवच नव्हे. १९६० च्या कायद्याचे कलम ११ वाचले तर तुमच्या गच्चीवरून दिसणारे दृश्य त्यात जवळजवळ शब्दशः सापडते. प्राण्याला रास्त हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणे ही क्रूरता आहे. पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे ही क्रूरता आहे. आणि कुत्र्यांसाठी तर स्वतंत्र वाक्य आहे : ज्या कुत्र्याला सवयीने साखळीत किंवा कोंडून ठेवले जाते, त्याला फिरवण्याची व्यवस्था मालकाने न करणे हाही गुन्हा आहे. पासष्ट वर्षांपूर्वीच्या कायदेकर्त्यांना कोंडलेल्या कुत्र्याचे पाय मोकळे करण्याची गरज कळली होती; आजच्या काही पैदासकारांना ती कळत नाही.

या कायद्याचा दुबळेपणाही सांगितला पाहिजे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. या रकमेत आज कुत्र्याच्या बिस्किटांचा चांगला पुडाही येत नाही, त्यामुळे दंडाची भीती कोणाला नाही. पैदासकाराला भीती असते ती नोंदणी रद्द होण्याची, कारण त्यानंतरची प्रत्येक विक्री बेकायदा ठरते. म्हणून तुमची तक्रार केवळ पोलीस ठाण्यात न देता जिल्हा प्राणीक्लेश प्रतिबंधक सोसायटी, जिल्ह्याचे पशुसंवर्धन कार्यालय आणि राज्य प्राणी कल्याण मंडळ या तिन्हीकडे एकाच मजकुराची पाठवा आणि पोच घ्या.

तक्रारीत ‘फार हाल करतात’ असे लिहू नका. अमुक तारखेला सकाळी सात ते दहा पाण्याची भांडी रिकामी होती, अमुक आठवड्यात एकही कुत्रे पिंजऱ्याबाहेर काढले नाही, वरच्या पिंजऱ्याखाली ट्रे नाही, असे लिहा. छायाचित्रे तुमच्या स्वतःच्या गच्चीवरूनच काढा. कुंपण ओलांडून आत गेलात तर मूळ विषय बाजूला राहील आणि घुसखोरीचीच चर्चा होईल. भुंकण्याचा मुद्दा वेगळा ठेवावा. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि त्याविषयी स्वतंत्र तक्रार करता येते. पण निगा उत्तम असलेली कुत्रीही भुंकतात, आणि दोन्ही तक्रारी एकत्र केल्या की अधिकारी ‘शेजाऱ्यांचे भांडण’ म्हणून कागद बाजूला सारतात.

प्रश्न : डोबरमनची शेपूट आणि कान कापलेलेच पिल्लू ‘ओरिजिनल’ असते, असे ब्रीडर म्हणतात. हे खरे आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, अमरावती)

उत्तर : डोबरमन लांब शेपटीचाच जन्मतो आणि त्याचे कान लोंबतेच असतात. तीन-चार दिवसांच्या पिल्लाची शेपूट, बहुधा भूल न देताच, कापली जाते आणि कान पुढे काही महिन्यांनी कापून पट्ट्या बांधून उभे केले जातात. यात पिल्लाचा कोणताही फायदा नाही. प्राण्याचा अवयव तोडून त्याला विद्रूप करणे हे याच कलम ११ मध्ये क्रूरता म्हणून गणले आहे. आजारामुळे किंवा जखमेमुळे पशुवैद्याने केलेली शस्त्रक्रिया ही वेगळी बाब.

प्रश्न : मी एका केनेलवर देखभालीचे काम करतो. गेल्या महिन्यात रक्ताची हगवण लागून सात पिल्ले गेली. डॉक्टरांनी पार्व्हो सांगितला. आम्ही रोज दोन वेळा फिनेलने फरशी धुतो, तरी नव्या वेतातही तेच सुरू झाले आहे. मालक म्हणतात, ‘पिल्लेच कमजोर आहेत.’ काय करावे? (सातारा जिल्ह्यातून)

उत्तर : पिल्लांना दोष देऊ नका, फिनेलला द्या. पार्व्होचा विषाणू हा जगातल्या चिवट विषाणूंपैकी एक आहे. १९७८ च्या सुमारास तो प्रथम ओळखला गेला आणि एक-दोन वर्षांत जगभर पसरला. मातीत आणि फरशीच्या भेगांत तो महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या वापरातल्या फिनेलचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. फिनेलच्या वासावरून तुम्हाला जागा स्वच्छ वाटते आणि तिथेच पुढचे वेत आजारी पडते.

यासाठी साधे ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, वापरावे : बाजारात मिळणारे सुमारे पाच टक्क्यांचे द्रावण एक भाग आणि पाणी तीस भाग. मात्र क्रम महत्त्वाचा आहे. आधी विष्ठा, अन्नाचे कण, केस पूर्ण काढून साबणाच्या पाण्याने जागा घासून घ्यावी, कारण घाणीवर ओतलेले ब्लीच वाया जाते. मग ते द्रावण ओतून फरशी निदान दहा मिनिटे ओली राहू द्यावी आणि नंतर धुऊन, सुकवून, शक्य असेल तिथे ऊन लागू द्यावे. कुत्री त्या वेळी तिथे नसावीत. ब्लीच संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. कच्ची जमीन किंवा लाकडी फळ्या असतील तर त्या निर्जंतुक होणे जवळजवळ अशक्य आहे. तिथे पुढचे अनेक महिने पिल्ले ठेवू नयेत.

दुसरी गोष्ट तुमच्या हातात आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. रोजचे काम नेहमी निरोगी पिल्लांकडून सुरू करा, मग मोठी कुत्री आणि सर्वांत शेवटी आजारी पिल्ले. आजारी भागासाठी वेगळी चप्पल, वेगळा झाडू, वेगळी बादली. तुम्ही ज्या हाताने एका पिल्लाची विष्ठा उचलता त्याच हाताने दुसऱ्याला दूध पाजता, तेव्हा विषाणू तुमच्या हाताने प्रवास करतो. मालकांना माझे सांगणे असे, की शेवटचे आजारी पिल्लू बरे होऊन निदान दोन आठवडे उलटेपर्यंत एकही पिल्लू विकू नये आणि सर्व माद्यांचे लसीकरण पशुवैद्याकडून तपासून घ्यावे, कारण पिल्लाला पहिले संरक्षण आईकडूनच मिळते.

आपली स्वतःचीही काळजी घ्या. कुत्र्याचा पार्व्हो माणसाला होत नाही, पण ब्रुसेला आणि लेप्टोस्पायरा या जिवाणूंचे आजार होतात. मादी व्यायताना किंवा तिचा गर्भ पडल्यावर हातमोज्यांशिवाय काही उचलू नये. पावसाळ्यात धान्याच्या खोलीत उंदीर वाढले की लेप्टोचा धोका वाढतो. आणि रोज कुत्री हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला रेबीजची प्रतिबंधक लस मालकाने द्यायला हवी. ती मागून घ्यायला संकोच करू नका.

प्रश्न : माझे लहानसे नोंदणीकृत केनेल आहे. आठ माद्या आहेत. नियमांप्रमाणे वर्षातून एकच वेत घ्यायचे म्हटले तर खर्च निघत नाही. मादी तर वर्षातून दोनदा हीटवर येते, निसर्गच तिला दोनदा तयार करतो, मग हरकत काय? आणि म्हाताऱ्या झालेल्या माद्यांचे काय करायचे, याचे उत्तर कोणी देत नाही. (एक पैदासकार, कोल्हापूर)

उत्तर : आपण नाव कळवून हा प्रश्न विचारलात याचे मोल मी जाणतो, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. नियमांचा हिशेब असा आहे : मादी निदान १८ महिन्यांची आणि पशुवैद्याने निरोगी ठरवलेली हवी, लागोपाठच्या दोन माजांत तिला लावता येत नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नको, जन्मभरात पाचापेक्षा जास्त नकोत आणि आठ वर्षांनंतर एकही नको. दीड वर्षापासून आठ वर्षांपर्यंतचा काळ ७८ महिन्यांचा होतो. त्यात पाच वेते म्हणजे सरासरी सव्वा वर्षाला एक. हे प्रमाण तुम्हाला कमी वाटते, पण मादीच्या अंगाने विचार करा. ६३ दिवसांच्या आसपास ती गर्भ वाहते. मग सहा-सात आठवडे पाजते, आणि दूध भरात असताना तिला एरवीच्या दुप्पट ते तिप्पट अन्न लागते. लहान चणीच्या माद्यांत याच काळात रक्तातले कॅल्शियम घसरून झटके येतात आणि वेळेत उपचार झाला नाही तर ती दगावते. पिल्ले दुधावरून तुटल्यानंतर तिचे वजन, अंगावरचे केस आणि सडांची सूज पूर्ववत व्हायला आणखी दोन-तीन महिने जातात. तोवर पुढचा माज आलेला असतो. माज येणे म्हणजे शरीर भरून आले असे नव्हे.

काही वर्षांपूर्वी एका नोंदणीकृत केंद्रावर मला एक मादी तपासायला बोलावले होते. तिची नोंदवही चोख होती, अगदी नको इतकी चोख : सहा महिन्यांच्या नोंदी एकाच शाईने, एकाच तिरप्या अक्षरात, वजन प्रत्येक महिन्याला बरोबर २८ किलो. समोर उभी असलेली मादी २१ किलोची होती. तिच्या पाण्याचे भांडे पिंजऱ्याला तारेने बांधलेले होते आणि त्याच्या आतून शेवाळाची रेघ धरली होती. तिने ती रेघ ओलांडून पाणी प्यायला मान घातली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली. वहीत तिसरे वेत लिहिले होते. पोटाची कातडी आणि सड पाहून मला ते पाचवे किंवा सहावे वाटले.

खर्चाचे म्हणाल, तर आठ माद्यांकडून वर्षाला आठ वेते घेऊनही तोटा होत असेल, तर दोष बहुधा मृत्युदरात असतो. पाच पिल्लांपैकी दोन जात असतील, तर ती वाचवणे हे आणखी एक वेत घेण्यापेक्षा स्वस्त पडते. मादी लावण्याआधी ब्रुसेलाची तपासणी, लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्डच्या बाबतीत कमरेच्या सांध्याचा एक्स-रे, विणीच्या खोलीत पहिले दोन-तीन आठवडे उबेची सोय (या दिवसांत पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही), आणि दुसऱ्या आठवड्यापासून जंतनाशक, कारण जंत आईच्या गर्भातून आणि दुधातूनच येतात. मादी विणार आहे हेही आधी कळते : तिचे तापमान ९९ अंश फॅरनहाइटखाली उतरले की पुढच्या दिवसाभरात ती बहुधा विते. त्या रात्री कोणीतरी जागे असले, तर अडलेली मादी वेळेवर दवाखान्यात पोहोचते.

निवृत्त माद्यांचे उत्तर तुम्हालाच द्यायचे आहे, आणि ते मादी विकत घेताना द्यायचे असते, ती आठ वर्षांची झाल्यावर नाही. जिने पाच वेते दिली तिला रात्री गाडीत घालून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडणारे लोक या धंद्यात आहेत. घोळक्यात न सामावलेली, गळ्यात पट्ट्याची खूण असलेली अशी कुत्री गावकुसाबाहेर मी पाहिली आहेत. चांगला मार्ग असा, की पाचवे वेत झाल्यावर आठ वर्षांची वाट न पाहता तिचे निर्बीजीकरण करून घ्यावे. म्हणजे उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोकाही टळतो. मग तिच्यासाठी घर शोधावे. पाच-सहा वर्षांची, माणसाळलेली, घाण न करणारी मादी घेणारी माणसे मिळतात, विशेषतः ज्यांना पिल्लाचा दंगा झेपत नाही अशी वयस्कर जोडपी. पण मुळात ती माणसाळलेली हवी, घर, जिना, मिक्सरचा आवाज, दारावरची घंटा तिने पाहिली-ऐकलेली हवी, आणि जन्मभर शेडमध्ये राहिलेली मादी ते सहाव्या वर्षी नव्याने सहज शिकत नाही. म्हणून आपल्या आठही माद्यांना आजपासून आळीपाळीने, दर आठवड्याला निदान एक दिवस, घरात आणून ठेवा. कोणती कधी आणली ते वहीत लिहा, आणि त्या-त्या दिवशी लिहा.